परक्याच्या पाठीवर

वहिनीचा दात बेसिनमध्ये पडला तेव्हा आतल्या खोलीत रेडिओ मोठ्याने चालू होता. तरी टणकन आवाज झाला तो धाकटीने ऐकला, कारण ती टॉवेल घेऊन शेजारीच उभी होती. दादा मागे उभा राहून मनगट झटकत होता. बायकोच्या जबड्यावर त्याचंच बोट दुखावलं होतं, त्याचाही राग आलाच असणार. "बघत काय उभी राहिलीस? पाणी दे तिला," असं बहिणीला सांगून तो बाह्या सारख्या करत गॅरेजवर निघून गेला. कारण काय, तर शर्ट हँगरवर उलटा लावला होता.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं की वहिनी न्हाणीघरात घसरली. त्या घरातलं न्हाणीघर फारच निसरडं होतं बुवा! लग्न झाल्यापासून वहिनी तिथे घसरून हात मोडून घेत होती, बरगडी मोडून घेत होती, एकदा तर कानाचा पडदा फाडून घेऊन बाहेर आली होती. त्याच फरशीवर बाकीचं कोणीही, अगदी दादाची आजारी आईसुद्धा, कधी घसरलं नव्हतं. यात गल्लीतल्या एकालाही काही वावगं वाटलं नाही. लोकांना डोळे नसतात असं नाही, पण आपल्या माणसाकडे बघताना ते मिटून घ्यायची सोय असते.

आणि दादा गल्लीचा आपलाच माणूस होता. कोपऱ्यावर त्याचं गॅरेज. कोणाची गाडी अडली, कोणाची बॅटरी बसली की दादा पाना घेऊन हजर. समोरच्या न्हाव्याच्या बापाला झटका आला तेव्हा दादानेच त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं. पोलीस चौकीवरच्या साहेबाची मोटारसायकल दादाच्याच हाताखालून जायची. धाकटी एकदा हिय्या करून चौकीवर गेली होती. साहेबाने तिला बसवलं, पाणी दिलं, "घरोघरी मातीच्या चुली" म्हणाला, आणि ती घरी पोचायच्या आत दादाला सगळी हकीगत पोचली. त्या दिवशी मार वहिनीनेच खाल्ला. बहिणीच्या अंगाला दादा हात लावत नसे, तेवढी त्याची रीत होती.

धाकटीच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट घर करून बसली होती. आज दात पडला. एक दिवस वहिनीच पडेल आणि उठणार नाही. त्याच्या आत काहीतरी करायला हवं होतं आणि काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

वहिनीला ती म्हणाली, "तू जा इथून. मी सोडते तुला स्टेशनवर."

वहिनी तोंडातला कापूस बदलत म्हणाली, "आईंची इंजेक्शनं होऊ देत. मग बघू."

आईला म्हणाली तर आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तापट आहे तो. पण मनाने वाईट नाही. पोटचा आहे गं."

"गाठपण पोटचीच होती, आई. ती काढून टाकायला तयार झालीसच ना?"

आईने हात लांब करून रेडिओचा आवाज वाढवला. बातम्या चालू होत्या. कुठेतरी टोमॅटो स्वस्त झाले होते.

आईच्या पोटातली गाठ डॉक्टरांनी काढली होती खरी, पण तिची पिलावळ मागे राहिली होती. औषधांनी आईचे केस गेले, भुवया गेल्या. डोक्याला लोकरीची टोपी घालून ती उशीला टेकून बसायची. आता मोठ्या हॉस्पिटलात नव्या लसीची चाचणी चालू होती, त्यात तिचं नाव लागलं होतं. आणि गंमत बघा, ती लस ज्या रक्तापासून बनायची ते रक्त काढायचं काम धाकटी स्वतः करत होती.

समुद्राला लागून एक लांबलचक शेड होती. आत थंडगार खाऱ्या पाण्याच्या टाक्या, आणि टाक्यांच्या भिंतींना चिकटलेले गोगलगायीच्या जातीचे प्राणी. पालथ्या बशीएवढं कवच, त्याच्या टोकाला एक भोक, आणि खाली सगळा मिळून एकच मांसल पाय. कागदावर त्यांना लांबलचक नाव होतं. शेडमधले सगळे त्यांना टोप्या म्हणत. टोपी भिंतीवरून काढायची एक रीत होती. तिला चाहूल लागू द्यायची नाही. पातळ पट्टी एका झटक्यात पायाखाली सरकवायची आणि उचलायची. जरा धक्का लागला, जरा घुटमळलात, की टोपी दगडाला अशी चिकटते की तुटेल पण सुटायची नाही. नवी माणसं पहिल्या आठवड्यात हमखास दोन-चार टोप्या फाडून ठेवत.

मग ती ओल्या फडक्यावर उताणी ठेवायची आणि पायात सुई घालायची. रक्त येतं ते गढूळ पाण्यासारखं. हवा लागली की नळीतल्या नळीत ते हळूहळू निळं होतं, कारण आपल्या रक्तात लोखंड असतं तसं त्यांच्या रक्तात तांबं असतं. ठरल्यापेक्षा एक थेंब जास्त काढायचा नाही. काढून झालं की टोपी परत पाण्यात, आणि ती पुरती सावरेपर्यंत तिला पुन्हा सुई लावायची नाही. मारून काढलं तर एकदाच मिळतं, जगवून काढलं तर जन्मभर. धाकटीला हे काम आवडायचं. दिवसभरात एवढंच रक्त असं होतं जे बघून ती मान फिरवत नसे.

ह्या रक्ताचं पुढे काय होतं ते तिला मोघम माहीत होतं. नीट कळलं ते आईला पहिलं इंजेक्शन द्यायला नेलं तेव्हा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायच्या भरभर, पण आईने "मला कळेल असं सांगा" म्हटल्यावर खुर्ची ओढून बसल्या.

"मावशी, तुमच्या रक्तात पहारेकरी असतात. बाहेरचं काही आत शिरलं की ते त्याला मारतात. पण ही गाठ बाहेरची नाही. तुमच्याच शरीराची आहे. पहारेकरी तिला बघतात आणि आपलंच माणूस म्हणून सोडून देतात."

"समोर नासधूस करत असली तरी?"

"समोर नासधूस करत असली तरी. म्हणून आम्ही समुद्रातल्या ह्या प्राण्याच्या रक्तातलं एक प्रथिन घेतो. अगडबंब असतं ते. तुमच्या शरीराने तसलं काही जन्मात बघितलेलं नाही. ते आत गेलं की पहारेकरी खडबडून उठतात. आणि त्याच्या पाठीवर आम्ही गाठीची एक खूण बांधून पाठवतो, एवढीशी. परक्याला बघायला आलेले पहारेकरी ती खूणही बघतात. पुढे तीच खूण पोटात दिसली की त्यांना कळतं."

"मग मारतात?"

"मारावं अशी अपेक्षा. चाचणी आहे मावशी, शब्द देत नाही. आणि एक पंचाईतही आहे. पुष्कळदा सगळे त्या अगडबंबावरच तुटून पडतात. पाठीवर काय बांधलंय ते बघायचं राहूनच जातं. तिथे आमची बरीच औषधं फसलीत."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना हसू आलं. त्यांनी आईच्या दंडाला इंजेक्शन दिलं आणि तिथे सूज आली तर घाबरू नका, उलट ते चांगलं लक्षण, शरीर चिडलंय असं समजा, असं सांगितलं. परतीच्या वाटेवर आई बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.

दोन दिवसांनी दंड सुजला. लाल, टणक, हाताला चटका बसेल इतका गरम. त्याच सकाळी वहिनीचा डावा गाल सुजलेला होता. ती सासूच्या दंडावर गार पाण्याची पट्टी ठेवत होती आणि आई एकदा आपल्या दंडाकडे, एकदा तिच्या गालाकडे बघत होती.

"घसरलीस?" आईने विचारलं.

"हो, आई."

आईने मान भिंतीकडे वळवली.

त्याच सुमारास शेडमध्ये नवा फिटर आला. टाक्यांचं पाणी थंड ठेवणारी यंत्रं जुनी झाली होती, ती बदलायला कंपनीने त्याला लांबून पाठवलं होतं. राहायला जागा मिळेना, तेव्हा धाकटीनेच घरामागची रिकामी खोली सुचवली. दादाने आधी नाक मुरडलं, पण कंपनीच्या गाड्या आपल्या गॅरेजला लागतील ह्या हिशेबाने हो म्हणाला.

फिटर म्हणजे एक प्रकरण होतं. दारात मावणार नाही असा देह. रोज सकाळी बाहेर पडताना चौकटीवर डोकं आपटायचा आणि रोज सकाळी चौकटीकडे असं बघायचा जणू ती काल तिथे नव्हती. खुर्चीत बसला तर खुर्ची कुरकुरायची, कप धरला तर कान तुटायचा. बोलायचा कमी, तेही चाचपडत, आणि उच्चार परगावचे. गल्लीने त्याचं नाव कपाट ठेवलं. "ते बघा, कपाट निघालं." चार-पाच घरांचं मागचं अंगण एकच होतं, सगळ्यांच्या मागच्या खिडक्या त्याच अंगणात उघडायच्या. ज्या गल्लीला वहिनीचा मोडलेला हात दिसला नव्हता त्याच गल्लीला आता कपाट किती वाजता उठतं, कितीदा तोंड धुतं, दोरीवर काय वाळत घालतं, सगळं तोंडपाठ झालं. न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा धरून खिडकीतून बाहेर बघत राहायचा. कपाटाने कोणाचं काही घेतलं नव्हतं की दिलं नव्हतं. तो परका होता, एवढा गुन्हा पुरेसा होता.

जेवणाचा डबा घरातूनच जायचा. सुरुवातीला धाकटी तो त्याच्या दाराशी ठेवायची, कडी वाजवायची आणि निघून यायची. एकदा तशी परत येताना तिने वर बघितलं. मागच्या सगळ्या खिडक्यांत डोकी होती. एकूण एक खिडकी त्या खोलीच्या दाराकडे डोळे लावून बसली होती. धाकटी तिथेच अंगणात थांबली. डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिला आठवलं, आणि डोक्यात दिवा लागावा तसं तिला सगळं लख्ख दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन वहिनी जायला लागली.

धाकटीने ना वहिनीला काही सांगितलं, ना फिटरला. "माझे हात भरलेत, तू जरा देऊन ये ना" एवढंच. कपडे वाळत घालायची दोरीही तिने हळूच फिटरच्या खोलीच्या बाजूला हलवली. तिचा हिशेब सरळ होता. आत, बंद दारामागे, रेडिओच्या आवाजात जे होतं ते कोणाला दिसत नाही. पण दादाला संशय आला, तो मागे धावून आला, आणि त्याने त्या अंगणात बायकोवर हात टाकला, तर ते सगळी गल्ली बघेल. बघावंच लागेल. आणि मध्ये एवढा डोंगरासारखा माणूस उभा असताना दादा करून करून किती करणार? अक्कल म्हणावी तर अशी, आणि आंधळेपणा म्हणावा तर असा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं अर्धं तिने गाठीला बांधलं, उरलेलं अर्धं ती विसरली.

गंमत म्हणजे वहिनीला तो फेरा आवडायला लागला. फिटर डबा दोन्ही हातांनी घ्यायचा, जसं काही काचेचं भांडं आहे. "चव छान होती काल," म्हणायचा. कौतुकाची सवय नसलेल्या माणसाला एवढंही पुष्कळ होतं. वहिनी तोंडावर हात न धरता हसायला लागली. पडलेल्या दाताची फट दिसायची, तरी तिचं हसू चांगलं होतं. घरात ते कोणी कधी बघितलंच नव्हतं.

दादा दुपारी जेवायला यायचा. शेडला सुट्टी होती त्या दुपारी तो जरा लवकर आला. धाकटी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी होती. तिने त्याला बघितलं आणि ती खिडकीतच थांबली, कारण ज्याची ती वाट बघत होती ते आलं होतं.

वहिनी रिकामा डबा घेऊन फिटरच्या दारात उभी होती आणि हसत होती. दादाने हाक मारली नाही. मागून जाऊन त्याने तिचे केस मुठीत धरले आणि तिला ओढत धुण्याच्या दगडापाशी नेलं. डबा खडखडत लांब गेला. "दात दाखवतेस? त्याला दात दाखवतेस?" म्हणत त्याने तिचं डोकं दगडाच्या कडेवर आपटलं. एकदा, आणि पुन्हा. भोपळा फुटावा तसा आवाज झाला. तिच्या कपाळावरून रक्त डोळ्यांत उतरलं, दगडावर पसरलं, साबणाच्या पाण्यात मिसळून मोरीकडे वाहायला लागलं. ती आधी ओरडली नाही. तिला ओरडायची सवय नव्हती. तिसऱ्यांदा डोकं उचललं तेव्हा ती ओरडली, आणि तसं ओरडणं त्या अंगणाने आजवर ऐकलेलं नव्हतं.

फिटर धावत बाहेर आला. चौकटीवर डोकं आपटलं, पण ह्या वेळी त्याने चौकटीकडे बघितलं नाही. त्याने दादाचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. दादाची मूठ सुटली तसा फिटर खाली वाकला आणि दोन्ही हातांनी वहिनीचं रक्ताने माखलेलं डोकं दगडावरून उचललं.

आणि नेमकं तेवढंच गल्लीने बघितलं. दुपारच्या उन्हाला मिटलेल्या खिडक्या त्या ओरडण्याने धडाधड उघडल्या, आणि लोकांना काय दिसलं, तर रक्तबंबाळ बाई आणि तिच्यावर वाकलेलं कपाट.

"माझ्या बायकोला हात लावला ह्याने!" दादा मनगट धरून किंचाळला. "मारा! धरा त्याला!"

पुढचं व्हायला कितीसा वेळ लागतो? न्हावी सगळ्यांच्या पुढे. कोणाच्या हातात धुण्याचं धोपाटणं, कोणाच्या हातात दाराचा अडसर, कोणी नुसतेच हात घेऊन. धोपाटण्याचा पहिला घाव फिटरच्या पाठीत बसला तरी त्याने वहिनीचं डोकं हळूच खाली ठेवलं, मगच तो उठायला गेला. उठू कोण देतंय? अडसर गुडघ्यावर बसला आणि ते धूड खाली कोसळलं. मग लाथा. बरगड्या मोडल्याचा आवाज वाळक्या काटक्यांसारखा येत होता. तो चाचपडत काहीतरी सांगू बघत होता, पण त्याचे ते परगावचे उच्चार ऐकून लोकांना आणखीच चेव येत होता. दादाने पँटच्या खिशातून पाना काढला. एक घाव फिटरच्या चेहऱ्यावर बसला आणि त्याचा उजवा डोळा दिसेनासा झाला. तिथे नुसतं लाल उरलं.

"तो नाही! अरे तो नाही!" धाकटी त्या घोळक्यात घुसली होती आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होती. तिने न्हाव्याचा सदरा धरून ओढला. न्हाव्याने मागे न बघता कोपर मारलं, ते तिच्या तोंडावर बसलं आणि ती वहिनीच्या शेजारी जाऊन पडली. तोंडात रक्ताची चव आली. त्या क्षणी तिला डॉक्टरीणबाईंचं उरलेलं अर्धं आठवलं, की सगळे त्या अगडबंबावरच तुटून पडतात. फार उशिरा आठवलं.

आणि तेव्हा घरातला रेडिओ बंद झाला.

आई मागच्या दारात आली. डोक्यावरची टोपी कुठेतरी पडली होती. तुळतुळीत डोकं, बिनभुवयांचा चेहरा, अंगात झोपायचा झगा, उघडा दंड दुसऱ्या इंजेक्शनने सुजून लाल झालेला. भिंतीला धरत ती पायऱ्या उतरली. चिडलेले लोकही आजाऱ्याला वाट देतात. ती चालत दादापर्यंत गेली आणि तिने हात पुढे केला.

"पाना दे."

"आई, तू आत जा. तुला झेपायचं नाही."

"दे म्हणते ना."

आईचा शब्द दादाने कधी मोडला नव्हता. रक्ताने निसरडा झालेला पाना त्याने तिच्या हातात ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळा देह त्यामागे टाकून त्याच्या तोंडावर मारला. झेपणार नाही म्हणत होता ना? चांगलं झेपलं. ओठ फाटला, समोरचे दात तुटले, आणि दादा हनुवटीला ओंजळ लावून तिच्याकडे बघत राहिला. त्याला दुखण्यापेक्षा नवल जास्त वाटत होतं. त्याला कळायच्या आत झालं होतं सगळं.

"हा," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. "तो परका नाही. हा. माझा. हिचा दात ह्याने पाडला. हात ह्याने मोडला. कान ह्याने फोडला. लग्न झाल्यापासून मारतोय. मी आत पडून सगळं ऐकत होते. ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मीच मोठा करायची."

न्हाव्याने हातातलं धोपाटणं बघितलं, खाली पडलेल्या फिटरला बघितलं, मग वहिनीचं उघडं तोंड आणि त्यातली फट बघितली. ती फट त्याने कित्येकदा बघितली असणार.

"आई, काय बोलतेस," दादा फुटक्या तोंडाने म्हणाला आणि सवयीने त्याचा हात उठला. सगळ्या गल्लीसमोर आपल्या आजारी आईवर उठला.

मग ते त्याच्यावर तुटून पडले. तेच हात, तोच अडसर, तेच धोपाटणं. आधी एकाला जितक्या खात्रीने मारलं तितक्याच खात्रीने दुसऱ्याला मारायला लागले. आपण चुकलो होतो हे एकाच्याही तोंडावर दिसेना. गर्दीला न्याय-अन्याय कळत नाही, तिला कोणीतरी बोट दाखवावं लागतं, आणि ह्या वेळी बोट आईचं होतं. दादा "आई, आई" म्हणत ओरडत होता. आई पायरीवर बसून बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिने "पुरे" म्हटलं नाही. शेवटी न्हाव्यानेच विचारलं, "आजी, सोडू?"

"पोलीस येईपर्यंत धरून ठेवा," आई म्हणाली, "आणि आधी त्या दोघांना दवाखान्यात न्या."

चौकीवरचा साहेब आला तेव्हा दादाला पाठीशी घालायची सोय उरली नव्हती, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. "आम्ही बघतच होतो साहेब, न्हाणीघरात कोण एवढं घसरतं का?" साहेबाने मान हलवली आणि दादाला बेड्या घातल्या. त्याला मोटारसायकलसाठी दुसरं गॅरेज बघावं लागणार होतं.

वहिनीच्या कपाळाला टाके पडले, पण ती वाचली. पुढच्या इंजेक्शनला आईला घेऊन तीच गेली. डॉक्टरीणबाईंनी दंडाची सूज चाचपून बघितली, गाठीची पिलावळ आहे तेवढीच आहे, वाढलेली नाही, असं सांगितलं, आणि शब्द मात्र ह्या वेळीही दिला नाही. आई रात्री कोठडीतल्या मुलासाठी रडते, सकाळी उठून वहिनीच्या हातचं खाते. रेडिओ हल्ली बंदच असतो.

फिटरला भेटायला धाकटी दवाखान्यात डबा घेऊन गेली. त्याची पलंगावर जेमतेम सोय झाली होती, पाय बाहेर लोंबत होते. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी होती, त्या डोळ्याचं आता काही होणार नव्हतं. त्याने डावा डोळा तिच्याकडे वळवला आणि पहिलं विचारलं ते वहिनीचं. ती बरी आहे म्हटल्यावर त्याला बरं वाटलं.

"तुम्हाला सांगतो," तो थांबत थांबत म्हणाला, "मी पुष्कळ गावांत कामं केली. सगळीकडे डबा दाराशी ठेवून जातात. तुम्हीपण आधी ठेवायचात. मग वहिनी हातात द्यायला लागल्या. थांबून दोन शब्द बोलायच्या. मला वाटलं, चला, ह्या एका घराने आपल्याला आपलं मानलं."

धाकटीला तिथून पळून जावंसं वाटलं. खोटं बोलणं सोपं होतं, तो विश्वासही ठेवत होता. पण आईने सगळ्या अंगणासमोर बोलून दाखवलं होतं, आणि तिला एका माणसासमोर बोलता येऊ नये? ती पलंगाजवळ उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. खिडक्या, दोरी, डबा. वहिनीला मुद्दाम पाठवलं ते. दादाला येताना बघूनही खिडकीतून हाक मारली नाही ते. बोलताना ती रडत होती, पण एकही गोष्ट तिने गाळली नाही.

फिटर ऐकत होता. तिचं बोलून झाल्यावर त्याने डोकं हळूहळू उशीवर वळवलं आणि तो उरलेला डोळा भिंतीकडे केला.

"डबा दाराशी ठेवून जा," तो म्हणाला.